एकच मिस्ड कॉल

आधीच सांगून ठेवते, मी पूर्ण बरी झालेली नाही. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, लिहा, तुमच्यासारख्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. उपयोग होईल की उलट भीती वाटेल, ते मला माहीत नाही. पण ज्यांच्या घरात असं माणूस आहे आणि जे त्याला "उगाच टेन्शन घेते" म्हणतात, त्यांनी तरी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते.

मी शहरात नंदनवनला राहते. माझे मिस्टर प्रभाकर शहराबाहेर कन्हानच्या एका शाळेत हेडक्लार्क होते. घरात मी त्यांना "अहो" म्हणते, पण इथे दर वाक्याला अहो अहो केलं तर वाचणाऱ्याचं डोकं उठेल, म्हणून नावानेच लिहिते. मुलगी ऋचा इंजिनिअरिंगला आहे. घरात आम्ही तिघंच.

स्वभाव

माझा आजार कित्येक वर्षं सगळ्यांना माझा स्वभावच वाटत होता. मलाही. प्रभाकर सकाळी गाडी काढून कन्हानला निघाले की माझं सुरू व्हायचं. कामठी रोडवरचे ट्रक, नदीवरचा पूल, उन्हात येणारी चक्कर, आडवं येणारं कुत्रं, एकेक करून सगळं डोळ्यांपुढे यायचं. मग पोचले का म्हणून एक फोन, डबा खाल्ला का म्हणून एक, निघाले का म्हणून एक. उचलला नाही तर परत, परत, उचलेपर्यंत. तरी नाही उचलला तर शाळेच्या शिपायाला, त्यानेही नाही उचलला तर शाळेसमोरच्या पानठेलेवाल्याला. पानठेलेवाल्याचा नंबर माझ्याकडे होता, यावरून काय ते समजा. तो बिचारा दुकान सोडून गेटपर्यंत जाऊन यायचा आणि सांगायचा, "आहेत वहिनी, चहा पिऊन राहिले."

प्रभाकर वैतागायचे. "काहून सारखी फोन करून राहिली वं? मी काय लहान पोट्टा आहो का?" असं म्हणायचे, पण उचलायचे. ते माझ्यासाठी पुरेसं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, काळजीचं कारण मिटलं की काळजी मिटेल. माझं उलटं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधीच काळजी उठून बसलेली असायची आणि मग ती कारण शोधत घरभर फिरायची. प्रभाकर घरी असले तर ऋचा, ऋचा घरी असली तर गॅस, गॅस बंद असला तर माझ्या छातीतली धडधड. मान आखडलेली, भर उन्हाळ्यात हात गार, जेवण अंगी लागेना. कार्डिओग्राम झाला, थायरॉइड झालं, पोटात दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश व्हायचे आणि मी जास्तच घाबरायची, म्हणजे यांना सापडतच नाहीये म्हणून.

चिठ्ठी

शेवटी पोटाच्या डॉक्टरांनीच मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे चिठ्ठी दिली. त्या दिवशी ऊन नव्हतं तरी मी तोंडाला स्कार्फ बांधून ऑटोत बसले. ओळखीचं कोणी भेटलं असतं तर काय सांगायचं, हे वाटभर घोकत होते. माझी नणंद कुंदाताई जरीपटक्याला राहते, तिला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्या घरात कोणी वेडं नाही वं, कशाले त्या दवाखान्यात जाते?"

डॉक्टरबाईंनी बाकी काही न विचारता एवढंच विचारलं, की ही काळजी शेवटची कधी नव्हती? मी आठवायला लागले. लग्नाआधीपर्यंत गेले, शाळेपर्यंत गेले, आणि मला एक दिवस सापडला नाही. मी तिथेच रडले. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, सततच्या चिंतेचा. याला औषध आहे, आणि हा तुमचा स्वभाव नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा हायसं वाटलं आणि दुसऱ्याच मिनिटाला राग आला. एवढी वर्षं लोकांची बोलणी खाल्ली ती कशासाठी? मला न्यायला आलेले प्रभाकर खाली गाडीजवळ उभे होते. मी सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आता गोळ्यांनी फोन कमी होतीन का? त्यांना गंमत करायची होती. मी स्कार्फ पुन्हा बांधला आणि मागे बसले.

पहिल्या गोळीने मळमळायचं. दुसरीने मी भैताडासारखी दिवसभर पेंगायची, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू यायच्या नाहीत. तिसरीने थोडा फरक पडला, पण थोडाच. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं, की एका मोठ्या दवाखान्यात या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, तुम्हाला जायचं असेल तर नाव सुचवते.

खरी की खोटी

त्या दवाखान्यात सगळं नीट समजावून सांगितलं, कोणी फसवलं नाही, हे आधी लिहिते. काही लोकांना नवं औषध मिळणार, काहींना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे आम्हाला कळणार नाही आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही कळणार नाही. नको वाटलं तर मध्येच सोडता येईल. मी सही केली.

आधीची गोळी हळूहळू बंद केली, ते दिवस फार वाईट गेले. मी बाथरूमचा नळ सोडून आत बसून राहायची, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. मग नवी गोळी सुरू झाली. ठरल्या दिवशी जायचं, रक्त द्यायचं, बीपी, वजन, आणि मग एक मुलगी तेच तेच प्रश्न विचारायची. काही भयंकर घडणार असं वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, की रोज? ती मुलगी गोड होती, घाई करायची नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही पाच-सहा जण बसायचो. आपसात तुलना करू नका असं सांगितलं होतं, म्हणजे सगळे तेच करायचे. एक गृहस्थ म्हणाले, माझं तोंड कोरडं पडतं, माझी खरी दिसते. झालं, आम्ही सगळे आपापली जीभ टाळ्याला लावून पाहायला लागलो.

आणि मग एक दिवस असा आला. मी दुपारपासून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि दारात प्रभाकर उभे. मला कळेना, हे आत्ता कसे? बघते तर संध्याकाळ झाली होती. मी दिवसभरात एकही फोन केला नव्हता. घाबरले होते ते. बूटसुद्धा न काढता विचारलं, "तब्येत बरी आहे ना? फोन नाही आला म्हून म्हटलं." मग आमच्या लक्षात आलं आणि आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी संत्रा बर्फी आणली. आमच्या लग्नात एवढं शांत जेवण मला आठवत नाही.

परीक्षा

इथून पुढचं मात्र नीट वाचा, कारण मी मुख्य हेच सांगायला बसले आहे.

प्रभाकरांचा जन्म शाळेच्या ऑफिसात गेला. त्यांचा परीक्षेशिवाय कशावरच विश्वास नाही. मुलगी इंजिनिअर होणार, तिला सगळ्याचा पुरावा हवा. दोघांना एकच ध्यास लागला, की आईची गोळी खरी की खोटी? मला बरं वाटतं आहे हे त्यांना पुरेना. मग बापलेकीने मिळून ठरवलं, की माझी परीक्षा घ्यायची. प्रभाकर मुद्दाम फोन उचलायचे नाहीत आणि ऋचा घरात मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्यासारखी करून मी किती वेळा लावते, घामेजते का, फेऱ्या मारते का, ते पाहायची आणि त्यांना कळवायची.

मला कसं कळलं? एक दिवस प्रभाकर घरी आले ते हसतच. म्हणाले, "आज पास झाली वं तू. एकदाच लावला." मला काही क्षण अर्थच लागला नाही. लागला तेव्हा हातातलं पातेलं मी ओट्यावर असं आपटलं की त्याला अजून पोचा आहे. माझी भीती ही काय यांच्या खेळायची वस्तू आहे? त्यांच्या उचलण्यावर मी दिवस काढलेले, आणि तेच मुद्दाम उचलत नव्हते. प्रभाकर ओशाळले. म्हणाले, चांगल्यासाठीच तं करून राहिलो. ऋचाने सॉरी म्हटलं. आता पुन्हा नाही करणार, असं दोघांनी कबूल केलं.

त्यांनी पुन्हा केलं की नाही मला माहीत नाही. पण माझ्या डोक्यात ते बसलं. फोन उचलला गेला नाही की मला वाटायचं, पेपर सुरू झाला. आणि लाज वाटते, पण मला पास व्हायचं होतं. एवढी वर्षं या एकाच विषयात नापास झालेली बाई मी. एकदा लावायचा, वाजू द्यायचा, ठेवायचा आणि दुसरं काम हातात घ्यायचं, असा मी नेमच करून टाकला. आत कालवाकालव व्हायची, नाही असं नाही, पण पूर्वीसारखी नाही. मी ती गिळायला शिकले. दवाखान्यातल्या त्या मुलीने विचारलं तर सांगायची, आता बरंच कमी आहे. घरी परीक्षा चालते हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

नवतपा

कुंदाताई मुलाकडे पुण्याला गेली होती. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि ती परत येणार होती. घर बंद, कूलर तसाच पडलेला. प्रभाकर म्हणाले, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत जातो, कूलरच्या गवताच्या ताट्या बदलतो, पंप पाहतो, जेवायला घरी येतो. मी पाटवडीचा रस्सा करणार होते.

जेवायची वेळ झाली. मी एक फोन लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. मी मोबाइल खाली ठेवला आणि समोर पाहिलं तर ऋचा तिच्या फोनमध्ये पाहून हसत होती. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे आज पेपर आहे.

कुंदाताईच्या शेजारी राहणाऱ्या सिंधी काकांचा नंबर माझ्याकडे होता. असणारच. पूर्वीची मी असते तर दुसऱ्या फोननंतर त्यांना उठवलं असतं. त्या दिवशी मी ऋचाला वाढलं, स्वतः वाढून घेतलं, प्रभाकरांचं ताट झाकून ठेवलं. आणि मग कूलरसमोर आडवी झाले आणि मला झोप लागली. दुपारची, गाढ, स्वप्नाशिवायची झोप. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

फोनच्या आवाजाने उठले. सिंधी काका होते. "भाभीजी, जल्दी आइए, भाईसाहब गिर गए हैं." कुंदाताईच्या फाटकाखालून पाणी रस्त्यावर वाहत होतं. भर उन्हाळ्यात एवढं पाणी कोण वाया घालवतंय म्हणून ते भांडायला उठले होते. मागच्या व्हरांड्यात कूलर भरून वाहत होता, पाईप तसाच चालू, आणि बाजूला प्रभाकर पडलेले. तोंड एका बाजूला वाकडं, उजवा हात अंगाखाली. डोळे उघडे होते.

कधीपासून

अर्धांगाचा झटका होता. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला आणि तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. "यांना शेवटचं नीट बोलताना कोणी पाहिलं, ऐकलं? कधी?"

या आजारात एक इंजेक्शन असतं, ते लवकर द्यावं लागतं. झटका कधी आला तेच माहीत नसेल तर ते देण्यात धोका असतो. ते मला घाई करत होते, चिडत नव्हते, नुसतं विचारत होते. आणि मी, जी इतकी वर्षं हा माणूस कुठल्या क्षणी कुठे होता ते झोपेतसुद्धा सांगू शकली असती, त्या मलाच त्या एका दिवसाचं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, सकाळी निघाले तेव्हा बरे होते. ते म्हणाले, त्यानंतर? मी म्हटलं, त्यानंतर मी झोपले होते.

इंजेक्शन दिलं नाही. दुसरे उपचार झाले, जीव वाचला. पाईपचं पाणी अंगाखालून वाहत राहिलं म्हणून उष्माघातातून सुटले, असं नंतर डॉक्टर म्हणाले. सिंधी काकांनी ऍम्ब्युलन्स येईपर्यंत ओला टॉवेल डोक्यावर धरला होता, आणि वॉर्डातल्या एका मावशीने पहिल्या दिवशी मला न विचारता आपल्या डब्यातली अर्धी भाकर दिली. एवढं चांगलं त्या दिवसांत झालं.

वॉर्डाबाहेरच्या पायऱ्यांवर ऋचा माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, मी आज टेस्ट नव्हती घेऊन राहिली. मैत्रिणीचा मेसेज पाहून हसली होती." मी म्हटलं, मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं, पण तिचा चेहरा पाहून दुसरं काही बोलवलं नाही.

प्रभाकरांचा मोबाइल सिंधी काकांनी सोबत आणला होता, तो त्यांच्या कपड्यांसोबत पिशवीत दिला होता. स्क्रीनवर माझा एकच मिस्ड कॉल होता.

घरी

चाचणी मी सोडली. भीती परत आली, व्याजासकट आली. मी रात्रंदिवस त्यांचा श्वास ऐकत बसायची. डॉक्टरबाईंनी आधीची तिसरी गोळी पुन्हा सुरू केली, तिच्यावरच आता चाललं आहे. कुंदाताई पुण्याहून आली ती महिनाभर आमच्याकडेच राहिली. आपल्या घरात कोणी वेडं नाही म्हणणारी ती, डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात माझी पर्स मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसायची.

प्रभाकरांचा उजवा हात अजून उचलत नाही. भाषा हळूहळू येते आहे, एकेक शब्द, मध्ये लांब थांबून. मी त्यांना भरवत होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी डाव्या हाताने माझा मोबाइल दाखवला आणि बोलायला लागले. मला वाटलं, कोणाला लावून द्यायचा आहे.

"फोन," ते म्हणाले. "एकदा वाजला."

मी चमचा खाली ठेवला.

"मंग... वाट पाह्यली. म्हटलं, आता दुसरा येईन."

व्हरांड्याच्या खिडकीत ठेवलेला फोन त्यांनी ऐकला होता. हात पोचत नव्हता, आवाज निघत नव्हता, पण शुद्ध होती. आणि त्यांना खात्री होती. दुसरा येणार, तिसरा येणार, मग शेजाऱ्यांचा वाजणार आणि कोणीतरी फाटक उघडणार. एवढी वर्षं ज्याला ते कंटाळले त्याचीच वाट पाहत तो माणूस पाण्यात पडून होता. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला.

घरच्यांना एकच सांगते. तुमच्या माणसाला बरं वाटत असेल तर वाटू द्या. ते खरं आहे का हे तपासायला दवाखाने आहेत, तुम्ही नका तपासू. फोन आला तर उचला, आणि उचलायचा नसेल तर तसं सांगून जा. आणि ज्यांना हा आजार आहे त्यांना सांगते, औषध घ्या, चाचणीतही जायचं तर जा, मला कोणाला तिथून परत फिरवायचं नाही. फक्त घरात जे काही चाललं आहे ते सगळं तिथे सांगा, विचारलं नाही तरी सांगा.

आत्ता

गेल्या आठवड्यात चाचणीच्या दवाखान्यातल्या त्या मुलीचा फोन आला. चाचणी संपली, तुमची गोळी कोणती होती ते आता सांगता येईल, आणि हवं असेल तर नवं औषध सुरू करण्याबद्दलही बोलता येईल, ऐकायचं असेल तर फोन करा, असं म्हणाली. मी नंबर लिहून घेतला आणि तसाच ठेवला. गोळी खरी होती तर त्या दिवशीची माझी झोप औषधाने आणली. खोटी होती तर ती माझी मीच झोपले. यातलं काय ऐकायला मी फोन करू?

शेवटी आज सकाळी मी प्रभाकरांना विचारलं, फोन करू का? त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले.

"खरी असन... तं परत घे."

मला राग आला. मी म्हटलं, एवढं होऊनसुद्धा? तुम्ही तिथे पडले होते आणि मी इथे झोपले होते. त्यांनी मान हलवली, डावा हात माझ्या हातावर ठेवला.

"झोपली होती," ते म्हणाले. "चांगलं झालं ना."

मी त्यांच्या खाटेवरच बसून तो नंबर लावला. पूर्ण वाजला, कोणी उचलला नाही. प्रभाकर माझ्याकडे पाहत होते. मी परत लावला.